चौक पुन्हा कसा भरतो?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘तंत्रज्ञान आणि आपण’ असा विषय छापला आहे. तो मी बाजूला ठेवते. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात तंत्रज्ञान आहे आणि मी त्यावर बोलायला लागले की तुम्ही ते बाहेर काढणार, हे मला माहीत आहे. त्याऐवजी मी एका शहराबद्दल बोलते. न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. २०१२ पासून मी तिथे राहते आणि नोकरी करते. आम्ही गेलो तेव्हा त्या शहराचा मधला भाग नकाशावर होता, जमिनीवर जवळजवळ नव्हता. तो पुन्हा उभा राहताना मी तेव्हापासून पाहते आहे.

हा विषय घेण्याची दोन कारणं आहेत. एक तर भूकंप म्हणजे काय, हे लातूरकरांना समजावून सांगावं लागत नाही. दुसरं म्हणजे, आज जेवणानंतर आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीचा विषय निघणार आहे. ती पाडून त्याच जागी नवी बांधायची, असं संस्थेने ठरवलं आहे आणि आपल्याकडे निधी मागितला आहे. तो आपण दिलाच पाहिजे. पण पावती फाडण्याआधी काही गोष्टी बोलायला हव्यात, असं मला वाटतं.

आधी तिथे काय झालं ते सांगते.

४ सप्टेंबर २०१०, पहाटे ४:३५. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर डारफिल्डजवळ ७.१ रिश्टरचा भूकंप झाला. लोक घरात झोपलेले होते, रस्ते रिकामे होते. इमारतींना तडे गेले, पण त्या पडून कोणी दगावलं नाही. शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. मग २२ फेब्रुवारी २०११, मंगळवार, दुपारी १२:५१. या वेळी ६.३. आकडा लहान होता, पण केंद्र लिटलटन बंदराजवळ, शहराला खेटून आणि जमिनीखाली जेमतेम पाच किलोमीटरवर. वेळही जेवणाच्या सुट्टीची. दुकानं, कचेऱ्या, बसथांबे सगळं भरलेलं. १८५ माणसं गेली. त्यातली ११५ एकाच इमारतीत गेली. तिच्याकडे मी नंतर येईन.

हानी एवढ्यावर थांबली नाही. क्राइस्टचर्च सपाट, नदीकाठच्या ओल्या जमिनीवर वसलेलं आहे. अशी जमीन जोरात हलली की वाळूचे कण एकमेकांना सोडतात, आणि पायाखाली घट्ट वाटणारी माती पिठल्यासारखी पातळ होते. रस्त्यांतून, अंगणांतून, घरांच्या फरशीतून राखाडी गाळ वर आला. गाड्या रस्त्यात रुतल्या. हा गाळ उपसायला विद्यापीठातली हजारो मुलं फावडी घेऊन बाहेर पडली. फेसबुकवरून जमलेली ही मुलं पुढे ‘स्टुडंट व्हॉलंटिअर आर्मी’ या नावाने ओळखली गेली. शहराच्या पूर्वेकडची जमीन तर इतकी बिघडली की सरकारने जवळपास आठ हजार घरं विकत घेतली आणि पाडली. तिथे आज नदीकाठी गवत आहे, आणि मधूनच एखादं फळझाड, जे कुणाच्या तरी परसात होतं.

आणि शहराच्या मध्यावर कुंपण पडलं. जॅकेट खुर्चीवर आणि चहा टेबलावर टाकून बाहेर पळालेले कित्येक जण पुन्हा आपल्या कचेरीत गेलेच नाहीत. कुंपणावर लष्कराचा पहारा होता. ते टप्प्याटप्प्याने आकसत गेलं आणि शेवटचा भाग खुला झाला जून २०१३ अखेर, म्हणजे सव्वादोन वर्षांहून अधिक काळाने. दरम्यान आत हजाराहून अधिक इमारती पाडल्या गेल्या. काही धोकादायक होत्या. काही दुरुस्त होऊ शकल्या असत्या, पण विम्याच्या हिशेबात पुष्कळदा दुरुस्तीपेक्षा पाडणं स्वस्त पडायचं.

आता कल्पना करा. गंजगोलाईला कुंपण घाला. सोळाही रस्ते बंद करा. आतली दुकानं, मधलं देवीचं मंदिर, सगळं कुंपणाच्या आत. सव्वादोन वर्षं. कापडवाला गप्प बसेल का? तो औसा रोडला गाळा घेईल. सराफ दुसरीकडे जाईल, त्याच्यामागे गिऱ्हाईक जाईल. गिऱ्हाईकाला तिथे गाडी लावायला जागा मिळेल आणि ते म्हणेल, बरंच आहे की! तिसऱ्या वर्षी कुंपण काढून तुम्ही म्हणालात, या आता गोलाईत, तर कोण येईल? क्राइस्टचर्चमध्ये नेमकं हेच झालं. वकील, बँका, सॉफ्टवेअर कंपन्या सगळे उपनगरांत गेले. माझी पहिली नोकरीसुद्धा उपनगरातल्या एका गोदामवजा इमारतीत होती. मला शहराच्या मध्यात जायचं काही कारणच नव्हतं.

मला त्या शहराने शिकवलेली मुख्य गोष्ट हीच आहे. शहराचा चौक ही लोकांची सवय असते. इमारत पैसे टाकून बांधता येते. मोडलेली सवय मात्र पैसे टाकून लागत नाही, आणि ती मोडायला दोन-तीन वर्षं पुरतात.

तिथल्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. मे २०११ मध्ये, भूकंपाला तीन महिने होतात न होतात तोच, नगर परिषदेने लोकांना विचारलं, तुम्हाला कसं शहर हवं? मोहिमेचं नाव ‘शेअर ॲन आयडिया’. सहा आठवड्यांत १ लाख ६ हजार सूचना आल्या. साडेतीन-चार लाखांच्या शहरातून! लोकांनी काय मागितलं? बुटक्या, सुरक्षित इमारती. झाडं. नदीकाठाने चालायला वाट. सायकलींना रस्ता. मुलांना घेऊन येता येईल अशी जागा. परिषदेने त्यावरून आराखडा केला. सरकारने तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. एक वेगळा विभाग नेमला, त्याला शंभर दिवस दिले, आणि जुलै २०१२ च्या अखेरीस नवा आराखडा आला. लोक त्याला ‘ब्लूप्रिंट’ म्हणतात.

सरकारची बाजूही सांगायला हवी. जागा पुष्कळ आणि भाडेकरू थोडे, अशी अवस्था होती. म्हणून त्यांनी व्यापारी गाभा मुद्दाम लहान केला, भोवती हिरव्या मोकळ्या जागेची चौकट आखली आणि ठरवलं की काही मोठे प्रकल्प सरकार उभारेल, त्यांच्या आधाराने खासगी पैसा येईल. ग्रंथालय, बसस्थानक, न्यायालय, संमेलन केंद्र, क्रीडा संकुल, स्टेडियम. कागदावर हे तर्कशुद्ध होतं. त्यासाठी जमिनी घेतल्या, गरज पडली तिथे सक्तीनेही. पण मोठी कामं मोठ्या गतीने होतात असं नाही. संमेलन केंद्र उघडलं ते डिसेंबर २०२१ मध्ये. क्रीडा संकुल आणि स्टेडियमचं बांधकाम २०२५च्या जानेवारीतही चालूच होतं. गाभ्यात वीस हजार लोक राहायला यावेत असं उद्दिष्ट होतं, ते अजून फार दूर आहे. आणि शहराच्या मध्यावरचं दगडी कॅथीड्रल, ज्याचा मनोरा कोसळला, ते पाडायचं की दुरुस्त करायचं हा वाद साडेसहा वर्षं चालला. २०१७ मध्ये दुरुस्तीचा निर्णय झाला. काम सुरू झालं आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये पैशाअभावी थांबलं. त्या चौकात आजही कुंपण आहे.

मग चौक भरला कशाने? माझ्या मते, छोट्या गोष्टींनी.

ऑक्टोबर २०११ मध्ये, बाकीचं कुंपण जागेवर असतानाच, कॅशेल मॉल नावाच्या बाजाररस्त्यावर जहाजाचे माल वाहणारे कंटेनर आणून ठेवले, त्यांना रंग दिला, काचा बसवल्या आणि दुकानं सुरू केली. नाव ‘री-स्टार्ट’. तात्पुरती म्हणून सुरू झालेली ही बाजारपेठ जानेवारी २०१८ पर्यंत टिकली. कलाकार आणि कार्यकर्त्यांचा ‘गॅप फिलर’ नावाचा गट रिकाम्या भूखंडांवर काही ना काही करत राहिला. एका ठिकाणी मोडका फ्रिज ठेवून त्यात पुस्तकं भरली. एक घ्या, एक ठेवा. दुसऱ्या ठिकाणी मोकळ्या जागेवर नाचायला फळ्या टाकल्या, चार कोपऱ्यांत स्पीकर लावले आणि लाँड्रीतलं नाणं टाकायचं जुनं वॉशिंग मशीन आणून ठेवलं. दोन डॉलरचं नाणं टाकायचं, आपला फोन जोडायचा, गाणं लावायचं आणि नाचायचं. आजूबाजूला सगळा राडारोडा. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिला कुणीतरी सांगितलं की कपडे धुवायचं मशीन गाणं म्हणतं. मग तिच्या हट्टापायी आम्ही गेलो. त्या शहराच्या मध्यात कामाशिवाय जायची माझी ती पहिली वेळ. त्या दिवशी तिथे ‘ढोल वाजतोय’च्या चालीवर एक जपानी आजोबासुद्धा आमच्याबरोबर नाचले.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये पुठ्ठ्याच्या नळ्यांचं एक तात्पुरतं कॅथीड्रल उघडलं. सातशे माणसं बसतील एवढं. शिगेरू बान या जपानी वास्तुरचनाकाराने ते केलं. हेच बान २००१ च्या भूकंपानंतर भुजलाही कागदी नळ्यांची घरं बांधून गेले होते. त्याच वर्षी ट्राम पुन्हा सुरू झाली. एकेक कारण तयार होत गेलं, आणि माणूस कारण असलं की येतो.

आता शाळेत बसून ऐकावं असं सांगते. नदीकाठी एक मोठं क्रीडांगण करायचं ठरलं. बालसाहित्यिका मार्गारेट माही यांचं नाव त्याला दिलं आहे. ते कसं असावं, यासाठी कँटरबरीतल्या शाळांमध्ये स्पर्धा ठेवली. हजारो मुलांनी आपापलं क्रीडांगण कागदावर काढलं, मातीत केलं, आणि त्यांच्या कल्पना आराखड्यात घेतल्या. डिसेंबर २०१५ मध्ये ते उघडलं. आज शहराच्या मध्यात कोणत्याही रविवारी सगळ्यात जास्त गलका तिथे असतो. आई-बाप पोरांना घेऊन येतात आणि पोरं खेळताहेत तोवर कॉफी पितात, बाजार करतात. संमेलन केंद्राने जे व्हायला हवं होतं, ते घसरगुंडीने आधी केलं.

थोडं माझ्या कामाबद्दल, नाहीतर संयोजक रागावतील. मी जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे सांभाळणारी सॉफ्टवेअर लिहिते. भूकंपानंतर पाणी, सांडपाणी, वीज, टेलिफोन सगळ्यांना एकाच रस्त्याखाली काम होतं. पाण्यावाल्याने खोदून बुजवलं की महिन्याने वीजवाला पुन्हा खोदणार. हे लातूरमध्ये कोणाला माहीत नाही? तिथे उपाय काढला तो साधा. सगळ्यांनी एकाच नकाशावर लिहायचं, कोण, कुठे, कधी खोदणार. दोघांच्या तारखा एका रस्त्यावर आल्या की आधी आपसात बोलायचं. सॉफ्टवेअर अवघड नव्हतं. सगळ्यांना आपली वही उघडून दाखवायला लावणं अवघड होतं.

आता त्या ११५ जणांच्या इमारतीकडे येते. सीटीव्ही बिल्डिंग, सहा मजली, १९८६ची. तिथे एक दूरचित्रवाणी केंद्र होतं, दवाखाना होता आणि इंग्रजी शिकवणारी संस्था होती. मेलेल्यांत अठ्ठावीस जपानी होते, बहुतेक विद्यार्थी. सप्टेंबरच्या धक्क्यानंतर या इमारतीची वरवर पाहणी झाली आणि दारावर हिरवी चिठ्ठी लागली. पुढे चौकशी आयोगाने स्पष्ट लिहिलं की तिचं संरचना-आरेखन तेव्हाच्या नियमांतही बसत नव्हतं, तिला परवानगीच मिळायला नको होती. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं. रंग चांगला होता.

यावर उत्तर आहे. शहरातल्या महिला रुग्णालयाच्या इमारतीच्या पायाशी शिसं आणि रबराच्या जाड उशा बसवलेल्या होत्या. जमीन हलली की उशी ते हलणं गिळते. ती इमारत भूकंपात उभी राहिली आणि चालू राहिली. हे तंत्र न्यूझीलंडच्याच बिल रॉबिन्सन यांनी शोधलं, आणि भुजचं सरकारी रुग्णालय पुन्हा बांधताना आपण तेच वापरलं. २०१८ मध्ये उघडलेलं तिथलं ‘तूरंगा’ ग्रंथालय आणखी वेगळं आहे. त्याच्या भिंती भूकंपात डोलतात आणि ताणलेल्या पोलादी दोरांमुळे परत जागेवर येतात, डोलणाऱ्या बाहुलीसारख्या. दर शनिवारी मी तिथे असते. माझ्या मुलीसाठी ते फक्त ग्रंथालय आहे, आणि ते तसंच असावं.

हे सगळं बघताना मला सतत किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची रात्र संपत आलेली, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी. आपण नववीत होतो. याच शाळेच्या व्हरांड्यात आपण घराघरांतून आणलेल्या भाकरी मोजून पोत्यांत भरल्या. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, कारण दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपेतच अंगावर आलं. बावन्न गावं नव्या जागी वसवली. अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांचं घर, ज्याची जेवढी जमीन त्याप्रमाणे. घरं मजबूत होती, रस्ते रुंद होते. पण भावकी विखुरली, पार राहिला जुन्या गावठाणात, शेत लांब पडलं. कित्येक वर्षं बायका म्हणायच्या, घर मिळालं, गाव नाही मिळालं. मग जिथे घरं जागेवरच दुरुस्त करायची होती, त्या गावांत बायकांनाच ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. त्यांनी घरोघर जाऊन माहिती दिली, बांधकामावर लक्ष ठेवलं. भुजचा भूकंप झाल्यावर आपल्या भागातल्या याच बायका कच्छमध्ये तिथल्या बायकांशी बोलायला गेल्या. हे आपण आपल्या मुलांना सांगत नाही. सांगायला हवं.

तर आता शाळेकडे. मी चार गोष्टी मांडते, संस्थेने त्यावर विचार करावा.

पहिली. नकाशा पक्का होण्याआधी मुलांना विचारा. पाचवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गाला एक मोठा कागद द्या. शिक्षकांना विचारा, शिपाईमामांना विचारा, फाटकासमोरच्या बोरंवाल्या मावशींना विचारा. आणि विचारलंत तर त्यातलं काय घेतलं, काय नाही आणि का, हे सूचना फलकावर लावा. क्राइस्टचर्चमध्ये लोकांना राग आला तो सूचना नाकारल्याचा कमी, विचारून विसरल्याचा जास्त.

दुसरी. बांधकाम दोन वर्षं म्हणतात, म्हणजे आपण तीन धरू. तीन वर्षांत पाचवीतलं मूल आठवीत जातं. तेवढ्या काळात शाळा शहराबाहेरच्या भाड्याच्या जागेत नेली, तर पालक जवळची दुसरी शाळा बघतील, आणि मराठी शाळेतून एकदा काढलेलं मूल परत येत नाही, हे पटसंख्या बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून इमारत दोन टप्प्यांत पाडा. मैदानाच्या कडेला पत्र्याचे का होईनात, नीट हवेशीर वर्ग उभे करा. सकाळची घंटा याच आवारात वाजली पाहिजे.

तिसरी. निधीतला पहिला खर्च संरचना अभियंत्याचा. आणि आरेखन तपासायला दुसरा अभियंता, पहिल्याशी संबंध नसलेला. आपल्याच बॅचमध्ये दोन सिव्हिल इंजिनिअर आहेत, एकाने बांधकाम घेतलं तर दुसऱ्याने तपासावं, मैत्री घरी ठेवून. सगळी कागदपत्रं ग्रंथालयात, कोणीही मागितली तर दिसतील अशी.

चौथी. जुन्या इमारतीतलं काहीतरी नव्या इमारतीत चालतं ठेवा. काचेच्या पेटीत नाही. व्हरांड्याचे दगडी खांब असतील, ती घंटा असेल. मुलांनी त्याला टेकावं, त्यावर बसावं.

माझा वाटा मी देणार आहे. तो दुसऱ्या मुद्द्यासाठी, म्हणजे मैदानाकडेच्या तात्पुरत्या वर्गांसाठी वापरावा अशी विनंती मी लेखी दिली आहे. पाटीवर नाव नको. ते वर्ग तीन वर्षांनी काढले जातील, पाटी कुठे लावणार?

सरांनी मघाशी दोनदा घड्याळ पाहिलं. नववीत असतानाही ते असंच बघायचे आणि आम्ही लगेच थांबायचो. जेवण झाल्यावर मी मागच्या रांगेत वही घेऊन बसणार आहे. तुमच्या सूचना तिथे लिहून द्या, आजच संस्थेकडे देऊ.